बुश कशाचा आहे ते नंतर विचारा, तो काय करतो ते आधी विचारा

प्रति,
हौशी कार शर्यतींचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या सर्व समित्या

विषय : सस्पेन्शनच्या बुशमधील बदलांविषयीचे नियम

सप्रेम नमस्कार.

सस्पेन्शनचा बुश म्हणजे चाक धरणारा आर्म गाडीला जिथे जोडला जातो त्या सांध्यातला नळीसारखा भाग. त्याच्याबद्दल नियमपुस्तकांत साधारण तीन प्रकारची वाक्यं सापडतात. 'बुश मूळ कंपनीचेच असावेत', 'साहित्य खुलं, मात्र धातू चालणार नाही' किंवा सरळ 'बुश खुले'. तिन्ही वाक्यांचा रोख साहित्यावर आहे. प्रत्यक्षात बुश कसा वागेल हे साहित्यावर जेमतेम अर्धंच ठरतं. बाकीचं ठरतं त्याच्या आकारावर, तो कुठल्या कोनात दाबून बसवलाय यावर, आणि त्या जागी आर्मला एकाच अक्षाभोवती फिरायचंय की तिरकंही वळायचंय यावर. आम्ही गाड्या तयार करणारे, चालवणारे आणि स्क्रुटिनीला तपासणारे काही जण मिळून हे लिहितोय. आमचं म्हणणं एवढंच, की बुशचा नियम सांध्याच्या जागेनुसार आणि हालचालीनुसार लिहा. साहित्याची यादी त्यानंतर येऊ द्या.

'मूळच हवा' या नियमापासून सुरुवात करू, कारण नवख्यांच्या वर्गात तो सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत कमी तपासला जातो.

मूळ रबर बुश म्हणजे एकात एक दोन पोलादी नळ्या आणि मधे दोन्हींना पक्कं चिकटलेलं रबर. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये आवळली जाते, बाहेरची आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, प्रेसने बसते. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीच घसरत नाही, रबर पिळलं जातं. म्हणजे हा सांधा एक छोटी टॉर्शन स्प्रिंगही आहे, आणि तिचा शून्य बिंदू बोल्ट कुठल्या उंचीला आवळला त्यावर ठरतो. गाडी जॅकवर असताना ३५० मिमी लांबीच्या आर्मचं टोक ८० मिमी खाली लोंबतंय आणि तेव्हाच बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर सुमारे १३ अंश पिळलेलंच राहतं. गाडी थोडी उंच बसते, चार चाकांवरच्या वजनांचा मेळ जातो, आणि पिळलेलं रबर लवकरच नळीपासून सुटू लागतं. ज्याने बोल्ट गाडी तिच्या बसण्याच्या उंचीवर आणून आवळला त्याच्या आणि ज्याने लटकत्या गाडीत आवळला त्याच्या गाडीत कागदावर काहीच फरक नाही. दोघांकडे मूळ बुश आहेत आणि दोघे नियमात आहेत.

पुढची गोष्ट पोकळ्यांची. अनेक बुशमध्ये रबरात मुद्दाम खाचा किंवा पोकळ्या ठेवलेल्या असतात. पोकळीच्या दिशेला बुश मऊ, तिच्या काटकोनात कडक. एल आकाराच्या लोअर आर्मचा मागचा बुश हे नमुनेदार उदाहरण. चाक खड्ड्यावर आदळलं की ते किंचित मागे सरकावं, पण कॉर्नरमध्ये आडवा जोर आला की दिशा सोडू नये, असा त्यामागचा हिशोब. तोच मूळ बुश, तोच पार्ट नंबर, ९० अंश फिरवून प्रेस केला की ब्रेक दाबल्यावर चाक जागचं हलेनासं होतं. दुसरी युक्ती त्याहून सोपी आहे. गाडीची काच चिकटवायचं युरेथेन सीलंट पोकळीत भरायचं, सुकू द्यायचं आणि वरून काळ्या रंगाचा हात फिरवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला बुश मूळच दिसतो. ज्या नियमाला बुशची दिशा दिसत नाही आणि पोकळीही दिसत नाही, तो नियम प्रामाणिक माणसालाच तेवढा बांधतो.

आणि जुन्या गाड्यांचं काय? हौशी शर्यतींत धावणाऱ्या गाड्या बहुधा जुन्याच असतात. कंपनीने सुटा बुश देणं बंद केलेलं असतं, अख्खा आर्म घ्यावा लागतो, किंवा तोही मिळत नाही. मग वाळलेलं, चिरा पडलेलं रबर घेऊन लोक ट्रॅकवर उतरतात, कारण नियमाने दुसरा रस्ता ठेवलेला नाही. याचा परिणाम आकड्यांत बघा. मागच्या चाकाला दिशा देणारे दोन बुश ४०० मिमी अंतरावर असतील आणि त्यातला एक आडव्या जोरात २ मिमी सरकला, तर चाक सुमारे ०.३ अंश वळतं. ६०० मिमी व्यासाच्या चाकावर हा फरक ३ मिमीचा. अलाइनमेंट करताना हाच माणूस अर्ध्या मिलिमीटरसाठी टाय रॉडशी (चाकाची दिशा जुळवायच्या दांडीशी) झटत असतो. कॉर्नरच्या मधोमध मागचं चाक ३ मिमी टो-आउटला गेलं, म्हणजे पुढून बाहेरच्या बाजूला वळलं, की गाडी मागून सुटते, आणि सुटते ती पूर्वसूचना न देता.

त्यामुळे 'मूळच' या शब्दाऐवजी नवख्यांच्या वर्गात आम्ही असं सुचवतो : रबराचा बुश, कुठल्याही उत्पादकाचा, मूळ मापाचा, पोकळ्यांची संख्या आणि दिशा मूळसारखी, पोकळीत बाहेरचं काही भरलेलं नाही. सोबत मूळ बुशची दिशा दाखवणारा फोटो किंवा आकृती आणण्याची जबाबदारी स्पर्धकाची. स्क्रुटिनीला टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, 'धातू सोडून काहीही'. इथे आमचा खरा आक्षेप आहे.

या वाक्यामागचा हेतू समजतो. धातूचा गोलाकार बेअरिंग असलेला, सगळीकडे वळणारा सांधा, म्हणजे रोज जॉइंट किंवा मोनोबॉल, खर्चिक असतो आणि त्याने गाडी निव्वळ शर्यतीची होते. म्हणून त्याला दाराबाहेर ठेवून पॉलियुरेथेनला, आपल्या भाषेत पीयूला, आत घेतलं जातं. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या (एससीसीए) सोलो, म्हणजे एकेका गाडीची वेळ मोजणाऱ्या स्पर्धांच्या, नियमांत स्ट्रीट टूरिंग वर्गासाठी हीच भूमिका बरीच विचारपूर्वक मांडली आहे. बुश धातू सोडून कशाचाही चालेल, पण मूळ बुशच्या तुलनेत धातूचं प्रमाण वाढता कामा नये, आणि मूळ बुश आपल्या लवचिकतेने अनेक अक्षांची हालचाल सोसत असेल तर त्याच्या जागी गोलाकार बेअरिंग बसवता येणार नाही. निदान अनेक अक्षांच्या हालचालीचा प्रश्न तिथे ओळखला तरी आहे. इतर बहुतेक नियमपुस्तकांत तेही नसतं. अडचण अशी, की जिथे ही हालचाल लागते तिथेच पीयू सगळ्यांत वाईट वागतं आणि मोनोबॉल सगळ्यांत चांगला.

का ते सांगतो. पीयू बुश रबरासारखा पिळला जात नाही. तो आतल्या नळीभोवती घसरून फिरतो. एका अक्षाभोवती फिरणाऱ्या सांध्यात, उदाहरणार्थ रुंद पायाच्या, ए अक्षराच्या आकाराच्या आर्ममध्ये, तो उत्तम चालतो. मात्र त्याच सांध्याला तिरकं वळायला लावलं की पीयूचे काठ नळीवर आवळतात आणि सांधा अडकतो. आर्म मग सांध्यावर फिरण्याऐवजी स्वतः वाकायला बघतो, नाहीतर ब्रॅकेटला वाकवतो.

याचा सर्वांत ठसठशीत नमुना म्हणजे फोर्ड मस्टँगचं १९७९ पासूनचं, फॉक्स पिढीचं, मागचं फोर-लिंक सस्पेन्शन. एकसंध अॅक्सल, खाली दोन जवळपास सरळ आर्म, वर दोन तिरके आर्म. गाडी एका बाजूला कलली की या चारही आर्मांच्या लांबीचा आणि कोनांचा मेळ भूमितीने बसत नाही. तो बसवतं रबर. आठही टोकांना कडक पीयू बसवलं की रबराची ती सवलत जाते आणि अख्खा मागचा अॅक्सल एका जाड स्टॅबिलायझर बारसारखा (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीसारखा) वागू लागतो. थोड्या कलण्यापर्यंत सगळं ठीक वाटतं. मग एका क्षणी मागचा रोल ताठरपणा, म्हणजे कलण्याला होणारा विरोध, एकदम वाढतो, आतलं मागचं चाक हलकं होतं आणि गाडी गरकन फिरते. ड्रायव्हरला वाटतं, टायर गेला. ज्यांना हे माहीत आहे ते वरच्या आर्मांना मऊ रबर तसंच ठेवतात आणि खालच्या आर्मांच्या एका टोकाला गोलाकार सांधा लावतात. 'धातू नको' म्हणणारा नियम नेमका हा सुरक्षित उपाय बंद करतो आणि आठही टोकांना पीयू लावायला मोकळीक देतो.

ट्विस्ट बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारी, पिळली जाणारी तुळई) आणि एकाच बुशवर टांगलेले ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढून धरणारे आर्म), हे याच पंगतीतले. बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या ई३६ आणि ई४६ पिढ्यांमध्ये मागच्या ट्रेलिंग आर्मचा पुढचा बुश घ्या. तिथे एकच बुश आहे आणि बाकीचे आर्म ट्रेलिंग आर्मला आपापल्या कमानीत ओढतात, त्यामुळे बुशला फिरणं आणि तिरकं होणं दोन्ही करावं लागतं. लोक रबराच्या दोन्ही बाजूंना पीयूच्या चकत्या लावतात, म्हणजे आडवी हालचाल मर्यादित राहते आणि पिळणं चालू राहतं. उपाय चांगला आणि स्वस्त आहे. पण ही चकती बुश म्हणायची की जादा भाग? तुमच्यापैकी फार थोड्यांच्या पुस्तकात याचं उत्तर आहे. तसाच प्रश्न माझदा आरएक्स-७ च्या दुसऱ्या, एफसी पिढीचा. तिच्या मागच्या हबमध्ये, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागात, जोराप्रमाणे टो (चाकाची दिशा) बदलणारा रबर बुश कंपनीनेच घातला आहे. शर्यतीत तो काढून घन बुश बसवणं सर्रास चालतं. हा बुश बदलला म्हणायचं, की कंपनीची एक यंत्रणा बंद केली म्हणायचं? असे वाद स्पर्धेच्या सकाळी तंबूत सोडवायचे नसतात.

ट्विस्ट बीमबद्दल एवढंच, की तिचे बुश अनेक गाड्यांत मुद्दाम तिरके बसवलेले असतात. आडव्या जोराखाली बीम सरकताना बाहेरचं चाक टो-आउटला जाऊ नये, हा त्या तिरकेपणाचा हेतू. तिथे गोल, सगळीकडून सारखं पीयू ठोकलं की ही दुरुस्ती निघून जाते. कडक केलंय म्हणजे सुधारलंय, हा समज इथे महागात पडतो.

पीयूच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण बरेचसे बिघाड बसवण्यातले असतात. आतली नळी दोन्ही कॉलर धरून मोजलेल्या पीयूपेक्षा किंचित, ०.२ ते ०.५ मिमी, लांब लागते. नळी आखूड असली की बोल्ट आवळताच पीयू ब्रॅकेटच्या दोन भिंतींत चेपतं आणि सांधा जॅम होतो. काही संचांना जुन्या बुशचं बाहेरचं पोलादी कवच आर्ममध्येच ठेवावं लागतं, काहींना ते कापून काढावं लागतं. इथे चूक झाली तर बुश डोळ्यात फिरतो किंवा बसतच नाही. ग्रीस सिलिकॉनचं, जाड आणि चिकट हवं, आणि ते धुऊन गेलं की पुन्हा भरायची सोय हवी. कोरडा पीयू बुश किरकिरतो, ते एक वेळ सोसता येईल. पण तो आधी अडतो आणि मग झटक्याने सुटतो. त्यामुळे छोट्या उंचवट्यांवर चाक हलतच नाही आणि टायरची पकड तेवढा वेळ जाते.

कडकपणाचा आकडा घालून हे सुटेल असं काही समित्यांना वाटतं. 'शोअर ए ८० पर्यंत चालेल' असं कलम वाचायला नेमकं वाटतं. मूळ रबर साधारण ५० ते ७० च्या घरात असतं आणि पीयू ७० ते ९५, तेव्हा मधे रेघ मारता येईल असा तो विचार. पण शोअर कडकपणा मोजण्याच्या एएसटीएम डी२२४० या मानकाला किमान ६ मिमी जाडीचा नमुना लागतो, आणि मोजण्याचा बिंदू काठापासून १२ मिमी आत असावा लागतो. गाडीत बसलेल्या बुशचा दिसणारा भाग म्हणजे काही मिलिमीटर रुंदीची कड. तिच्यावर ड्युरोमीटर, म्हणजे कडकपणा मोजायचं यंत्र, टेकवून आलेला आकडा निषेध अर्जासमोर टिकणार नाही. शिवाय गरम बुश थंड बुशपेक्षा मऊ लागतो, आणि एकाच कडकपणाच्या रबराचे दोन बुश, एक भरीव आणि एक पोकळ्यांचा, ताठरपणात एकमेकांच्या जवळपासही नसतात. हे कलम कुठे असेल तर काढून टाका.

तिसरा प्रकार, 'खुले'. एससीसीएच्याच रोड रेसिंगमध्ये इम्प्रूव्हड टूरिंग वर्गात बुशचं साहित्य खुलं आहे, सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या उपचौकटीच्या) माउंटसकट. गोलाकार बेअरिंगही चालतात, अट एवढीच की ते बसवण्यासाठी सस्पेन्शनचा कुठलाही भाग बदलायचा नाही. बेअरिंग अडकवायला टाके मारून वेल्डिंग केलेलं चालतं. वरच्या वर्गासाठी ही दिशा आम्हाला पटते. वेल्डिंगच्या सवलतीबद्दल मात्र आम्ही साशंक आहोत. या बेअरिंगच्या आत बहुधा पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, अस्तर असतं आणि २६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते खराब होऊ लागतं. बेअरिंग आत ठेवून शेजारी टाका मारला की अस्तर जळतं आणि खेळ त्याच दिवशी सुरू होतो. बेअरिंग धरणारा कप आधी वेल्ड करावा, गार होऊ द्यावा, मग बेअरिंग दाबून सर्कलिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या कड्याने, अडकवावा. नियमात हा क्रम लिहायला दोन ओळी लागतात.

गोलाकार सांध्यांच्या सुरक्षेबाबत आमच्या अटी कडक आहेत. बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार हवा. एका बाजूनेच टांगलेला रोज जॉइंट आम्ही सस्पेन्शनच्या आर्मवर मान्य करणार नाही. बेअरिंग निसटला तरी आर्म बोल्टवरून सुटू नये म्हणून बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यापेक्षा मोठा वॉशर हवा. रोज जॉइंटचे आटे व्यासाच्या किमान दीडपट आत गेलेले हवेत, म्हणजे १२ मिमीच्या आट्याला १८ मिमी, आणि ते तपासता यावं म्हणून नळीला भोक हवं. सस्पेन्शनच्या पूर्ण हालचालीत, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, सांध्याची मान कुठेही कडेला टेकता कामा नये. रोज जॉइंट ओढ आणि दाब चांगला सोसतो, वाकवणारा जोर सोसत नाही. मान टेकली की आट्याच्या मुळाशी तडा जातो, आणि तो रंगाखाली दिसत नाही.

खुल्या नियमाची दुसरी बाजू गाडीच्या सांगाड्याची. रबर झटके गिळत होतं ते आता थेट पत्र्यात जातात. ई४६ च्या मागच्या सबफ्रेमजवळ बॉडीच्या पत्र्याला तडे जातात हे सर्वश्रुत आहे, आणि ते रबर असतानाही जातात. तिथे अॅल्युमिनियमचे घन बुश चालतील पण मजबुतीची प्लेट चालणार नाही, कारण ती 'चॅसिसमधील बदल' या वेगळ्या कलमात येते, अशी विसंगती ठेवू नका. घन माउंटला परवानगी देणाऱ्या कलमातच प्लेटची परवानगी लिहा, जास्तीत जास्त आकार आणि जाडी ठरवून. उलट, प्लेटशिवाय घन माउंट नको असंही म्हणता येईल. आमचा कल तिकडेच आहे.

एका पळवाटेचा उल्लेख राहिला, ऑफसेट बुश. भोक मध्यापासून ३ मिमी सरकवलेला बुश वरच्या आर्ममध्ये घातला आणि वरच्या-खालच्या बॉल जॉइंटमधलं अंतर २५० मिमी असेल, तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, सुमारे ०.७ अंशाने बदलतो. बुश खुले ठेवले म्हणजे कॅम्बरही खुला ठेवला. ठेवायचा असेल तर तसं उघड लिहा. नसेल तर 'फिरण्याचा अक्ष मूळ जागेपासून १ मिमीपेक्षा जास्त सरकू नये' हे वाक्य घाला. ऑफसेट बुश चालू ठेवलेच, तर त्यांना फिरू न देणारी पिन सक्तीची करा. पिन नसलेला ऑफसेट बुश शर्यतीत फिरला तर अलाइनमेंट वळणागणिक बदलत राहते.

स्टॅबिलायझर बारचे बुश सर्व वर्गांत खुले करा. तिथे वाद घालण्यासारखं काही नाही.

तपासणीसाठी आम्ही दोन चाचण्या सुचवतो. पहिली सर्वांसाठी, शर्यतीआधी. चाक हवेत, घड्याळातल्या १२-६ आणि ३-९ च्या स्थितीत धरून हाताने हलवायचं, मग प्रत्येक सांध्याला अर्धा मीटरच्या पट्टीने उचकायचं. नळी आणि रबर सुटलेलं दिसलं किंवा धातूला धातू लागल्याचा आवाज आला, तर गाडी परत. दुसरी फक्त विजेत्यांसाठी, शर्यतीनंतर. स्प्रिंगचा भार काढायचा, शॉकअप आणि स्टॅबिलायझरची लिंक सोडायची, आणि हब हाताने वर-खाली करायचा. रबराचे बुश असतील तर हब मधल्या स्थितीकडे आपोआप परत येतो, आणि ती मधली स्थिती कुठे आहे त्यावरून बोल्ट कुठल्या उंचीला आवळलेत तेही कळतं. पीयू असेल तर सोडाल तिथे थांबेल, पण हाताने हलला पाहिजे. गोलाकार सांधे असतील तर स्वतःच्या वजनाने खाली पडेल. हलवायला पट्टी लागली तर सांधा अडकतोय, मग साहित्य कुठलंही असो. नवख्यांच्या वर्गात हब परत आला नाही, तर रबर नाही किंवा रबर सुटलंय. एक तपासनीस आणि एक मदतनीस हे काम एका कोपऱ्याला पाऊण तासात करू शकतात.

या सगळ्याचं कलम आम्ही असं लिहू : 'फिरण्याचा अक्ष मूळ जागेपासून १ मिमीच्या आत राहावा. मूळ सांधा एकाच अक्षाभोवती फिरत असेल तर मधल्या वर्गात बुश धातू सोडून कोणत्याही साहित्याचा चालेल. मूळ सांधा अनेक अक्षांत वळत असेल तर रबर किंवा गोलाकार बेअरिंग चालेल, त्या जागी भरीव पीयू, नायलॉन किंवा एसिटल चालणार नाही. शॉकअप सोडल्यावर सस्पेन्शन पूर्ण हालचालीत हाताने हललं पाहिजे.' वरच्या वर्गात पहिलं आणि शेवटचं वाक्य पुरे, सोबत गोलाकार सांध्यांच्या वर दिलेल्या अटी. कुठल्या गाडीचा कुठला सांधा कुठल्या गटात जातो याची यादी मात्र समितीने करावी, ती स्पर्धकांवर सोडू नये. यादीत नसलेल्या गाडीसाठी स्पर्धकाने आर्मचा फोटो आणि मापं हंगामापूर्वी पाठवावीत, उत्तर लेखी मिळावं आणि ते सर्वांना दिसावं.

बदल एका हंगामात लादू नका. ज्यांनी आजच्या नियमाप्रमाणे अनेक अक्षांच्या सांध्यांत पीयू बसवलंय त्यांना एक पूर्ण हंगाम द्या, पण हाताने हलवण्याची चाचणी पहिल्या स्पर्धेपासून लागू करा. फोर-लिंकच्या वरच्या आर्मांचे पीयू बुश मात्र लगेच बदलायला सांगा.

आपले,
हौशी शर्यतींच्या गाड्या तयार करणारे, चालवणारे आणि तपासणारे काही जण